तिसरा रकाना

मी आता दिवसभरात फारशी बोलत नाही. घरात कुणाला त्याचं वाईट वाटत असेल, तर तसं अजून कुणी मला सांगितलेलं नाही.

वीसेक वर्षं मी जयनगरच्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. शाळा रस्त्याला लागून. खिडकीबाहेर बसगाड्या, वर्गात खडखडणारे पंखे आणि पन्नास मुलं. या सगळ्यांच्या वर आवाज काढायचा म्हणजे ते बोलणं नसतं, हाक मारणं असतं, आणि ती मी रोज पाच तास मारत होते. आधी संध्याकाळी आवाज बसायचा. मग दुपारी बसू लागला. मग सकाळीच बसलेला असायचा. फोनवर अनोळखी लोक मला ‘सर’ म्हणायला लागले, तेव्हा मी घशाच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी कॅमेरा घालून आत पाहिलं. स्वरतंतूंवर घट्टे पडले होते, कुदळ मारणाऱ्याच्या हाताला पडतात तसे. काही आठवडे संपूर्ण मौन. मग हळूहळू बोलायला हरकत नाही, पण पाच तास हाका मारणं बंद, कायमचं. “आवाज राहील,” डॉक्टर म्हणाल्या, “शाळा राहणार नाही.”

घरी येऊन मी हे कागदावर लिहून दाखवलं. अक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चष्मा लावून वाचलं. आमचं मराठी घर कितीतरी पिढ्या याच कन्नड गावातलं. आईला, सासूला, मोठ्या बहिणीला, सगळ्यांना अक्काच म्हणतात, आणि आमची कन्नड मिसळलेली मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे आधी हसतात, मग नीट ऐकायला लागतात. अक्का म्हणाल्या, “स्वल्प गप्प बस. सगळं सरी होतंय. मी तर तुझं लग्न झाल्यापासून सांगतेय.”

माझ्या दिरांनी लगेच तोड काढली. त्यांचं यशवंतपूरला बाजाराजवळ खोक्यांचं आणि पोत्यांचं गोदाम आहे. “वहिनी, काळजी कशाला करता? काचेच्या केबिनमध्ये खुर्ची रिकामी आहे. बसायचं, बिलं बघायची. बोलायचं काहीसुद्धा नाही.”

मनापासून म्हणत होते. गोदामाबद्दल माझी तक्रार दोनच गोष्टींची होती. शेजारी मिरचीचं गोदाम आहे, आणि तिथला वारा नेहमी आपल्याच बाजूला येतो. दुसरी गोष्ट स्वतः दीर. ते सकाळी शटर उघडताना जे बोलायला लागतात ते शटर पडल्यावरच थांबतात. ऐकायला माणूस त्यांना कायमच हवं होतं. त्यातून उत्तर देता न येणारं माणूस मिळत असेल तर सोन्याहून पिवळं.

पण मुलगी इंजिनिअरिंगला होती, आणि मला घरी बसवणं कुणाला परवडणारं नव्हतं, सगळ्यात कमी मला. शाळेचं वर्ष एप्रिलात संपणार. मी कागदावर लिहिलं: ‘जूनपर्यंत दुसरं काम मिळालं नाही, तर खुर्चीत बसते.’ दिरांनी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. हा माणूस व्यापारी आहे हे मी विसरले होते.

शाळेचे शेवटचे काही आठवडे तेवढे उरले होते. बदली शिक्षक मिळेना. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “नुसत्या वर्गात उभ्या राहा. उजळणीच तर आहे.” मी उभी राहिले. पहिल्या दिवशी फळ्यावर एक गणित सोडवलं, त्यात मुद्दाम एक चूक केली, खाली लिहिलं, ‘चूक शोधा’, आणि खडू ठेवला.

एरवी मी प्रश्न विचारते आणि वर्गाने श्वास घ्यायच्या आत उत्तर देऊन टाकते. सगळे शिक्षक हेच करतात. शांतता सहन होत नाही, आणि पोर्शन तर संपवायचा असतो. आता उत्तर द्यायची सोयच नव्हती. वर्ग माझ्याकडे बघत राहिला. मी वर्गाकडे. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, एकक चुकलंय. मागून कुणीतरी म्हणालं, एकक बरोबर आहे, चिन्ह चुकलंय. तिसऱ्याने दोघांनाही वेड्यात काढलं. तास संपेपर्यंत भांडून भांडून त्यांनी चूक शोधली, ती दुरुस्त केली, आणि मी न केलेली आणखी एक चूक काढून दाखवली. मी नुसती मान हलवत होते.

त्या दिवशी घरी जाताना घसा दुखत नव्हता. ही जाणीव इतकी नवी होती की मी दोनदा आवंढा गिळून खात्री करून घेतली.

आमच्याच शाळेत पूर्वी गणित शिकवणारी एक मैत्रीण नोकरी सोडून ‘इन्स्ट्रक्शनल डिझाइन’ नावाच्या कामात गेली होती. म्हणजे काय, हे तिने मला रस्त्यावर उभ्या उभ्या समजावलं. बँका, दवाखाने, कारखाने आपल्या माणसांना काही ना काही शिकवत असतात. ते शिक्षण कॉम्प्युटरवर किंवा फोनवर कसं घडेल, कुठली गोष्ट आधी, कुठली नंतर, माणूस कुठे अडेल, हे कुणीतरी आखून द्यावं लागतं. “शिकवायचं नाही,” ती म्हणाली. “शिकणं आखायचं. तोंड उघडावं लागत नाही.” शेवटचं वाक्य मला पटलं.

मग मी करिअरचं नियोजन केलं, म्हणजे शिक्षक करतात तसंच. वहीत रेघा मारल्या, महिने घातले. मार्चात एक ऑनलाइन कोर्स. एप्रिलात सॉफ्टवेअर शिकायचं, जे पहिले काही दिवस फुकट वापरू देतात. मेमध्ये नमुने आणि अर्ज. मुलगी डोकावून म्हणाली, “आई, यात चाचणी परीक्षा कधी आहे?” मी ती घालायची विसरले होते. घातली.

शाळेच्या मुलांसाठी व्हिडिओ बनवणाऱ्या कंपन्या आधी वगळल्या. त्यांना चेहरा, आवाज आणि उत्साह हवा असतो, आणि माझ्याकडे यातलं एकच होतं, तेही पन्नाशीला आलेलं. बाकीच्यांना अर्ज केले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाने कळवलं की माझा अनुभव त्यांच्या गरजेपेक्षा जास्त आहे. याचा अर्थ मला कळतो. अक्कांनाही कळला. “म्हातारी म्हणतायत,” त्या म्हणाल्या.

मे निम्मा गेला. दिरांनी केबिनमध्ये नवा पंखा बसवल्याचं कळवलं.

त्याच आठवड्यात एका छोट्या कंपनीने बोलावलं. तिथे मुख्य बाई माझ्याच वयाच्या, आखूड पांढरे केस, केरळच्या. मी आता हळू आवाजात बोलू शकत होते. त्यांनी फार चौकशी केली नाही, एक काम दिलं. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पत्रा दाबायची यंत्रं आहेत. यंत्र आतून साफ करायचं असेल तर आधी वीज बंद करायची, बटणाच्या पेटीला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची, म्हणजे आपला हात आत असताना दुसरं कुणी यंत्र चालू करू शकत नाही. दरवर्षी सगळ्यांना याचं शिक्षण देतात. सगळे परीक्षेत पास होतात. आणि तपासणीला जावं तेव्हा किल्ली त्याच कुलपाला लटकत असते, कुणीही काढून घ्यावी अशी. “यावर दहा मिनिटांचं काहीतरी आखा,” बाई म्हणाल्या.

आखायचं म्हणजे तीन रकान्यांचा तक्ता करायचा. पहिल्या रकान्यात पडद्यावर काय दिसतं, दुसऱ्यात काय ऐकू येतं, तिसऱ्यात शिकणारा काय करतो. बघून मला माहेरी आल्यासारखं झालं. आमचं पाठाचं टाचण असंच असतं. मी बसले आणि झोकात लिहिलं. वीज म्हणजे काय. अपघातांचे प्रकार. कुलपाचे फायदे. शेवटी प्रश्न, त्यात रिकाम्या जागा आणि जोड्या जुळवा.

बाईंनी तो तक्ता माझ्यासमोरच वाचला. “पहिला रकाना छान,” त्या म्हणाल्या. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत चालायचं. “दुसराही छान. तिसऱ्यात हा माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता ऐकतोय.”

मी पाहिलं. खरंच, प्रत्येक ओळीत मी लिहिलं होतं, ‘लक्षपूर्वक ऐकतो.’ कुठे कुठे ‘लक्षपूर्वक वाचतो.’ हात आपोआप गेला होता. टाचणात ‘विद्यार्थ्यांची कृती’ या रकान्यात आम्ही हेच लिहितो, आमच्या आधीच्यांनीही हेच लिहिलं, आणि तपासणारेही त्यावर सही करत आले.

“तुम्ही शाळेत होतात,” बाई म्हणाल्या.

“हो.”

“मीसुद्धा. मीही हेच लिहायचे. तुमची मुलं ऐकायची लक्षपूर्वक?”

“नाही.”

“माझीही नाही.” त्यांनी तक्ता परत दिला. “कारखाना बघून या. मग तिसरा रकाना आधी लिहा. सोमवारी भेटू.”

म्हणजे ही शेवटचीच संधी. महिना संपत आला होता.

मेट्रो आता थेट बोम्मसंद्र्याला जाते, त्यामुळे जाणं सोपं झालं. आत शिरणं तेवढं सोपं नव्हतं. कारखान्याच्या फाटकावर पर्स जमा करून घेतली. हातात पास दिला, डोक्यावर टोपी घातली. मी कुर्ता घातला होता. आता माझ्या हातात फोन, चष्मा, पेन, वही आणि पास, आणि ठेवायला जागा कुठेच नाही. मला यंत्रं दाखवायला आलेला सुपरवायझर निपाणीकडचा निघाला. माझं आडनाव वाचून मराठीत सुरू झाला.

“बघा की मॅडम, हितं सगळ्यांना सगळं येतंय. विचारा कुणालाबी. धडाधड सांगतात. करत न्हाईत तेवढं.”

एका यंत्रावर साफसफाई सुरू होणार होती. आम्ही जरा लांब उभे राहिलो. तिथल्या माणसाने वीज बंद केली. कुलूप घातलं. किल्ली काढली. मग क्षणभर ती हातात धरून उभा राहिला. त्याला आता दोन्ही हातांनी फडकं आणि ब्रश धरायचा होता. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि किल्ली परत कुलपात खोचली.

“हे बघा,” सुपरवायझर म्हणाला. “डोळ्यांदेखत. कितींदा ओरडायचं मी?”

त्या वेळी मला वहीत काहीतरी लिहायचं होतं, म्हणून मी माझा पास दातात धरला होता. तो काढून मी विचारलं, “त्याने किल्ली कुठे ठेवायची?”

“स्वतःजवळ. नियमच हाय तसा.”

“स्वतःजवळ म्हणजे कुठे?”

“हितं,” असं म्हणून त्याने छातीवर हात ठेवला. त्याच्या शर्टाला खिसा होता. मग त्याने समोरच्या माणसाकडे पाहिलं. कामगारांच्या गणवेशाला खिसाच नव्हता, ना वर ना खाली. खिशातलं काही यंत्रात पडू नये म्हणून तो मुद्दाम ठेवलेला नव्हता.

सुपरवायझरने आपल्या खिशावरचा हात काढला. मग म्हणाला, “च्यायला.” आणि लगेच, “सॉरी हं अक्का.” मॅडमची अक्का मी तिथे झाले.

यात माझी काही हुशारी नव्हती. माझं सगळं आयुष्य खिसा नसलेल्या कपड्यांत गेलं. हातात वस्तू आहे आणि ठेवायला जागा नाही, हे पुरुषाला समजावून सांगावं लागतं, बाईला दिसतं. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही आम्लाच्या कपाटाची किल्ली त्याच कुलपाला लटकलेली असायची. नियम सगळ्या बायकांना पाठ होता. साडीला खिसा नव्हता.

घरी आल्यावर मी अक्कांना विचारलं, “अक्का, तुम्ही किल्ल्यांचा जुडगा कमरेला का खोचता?”

“मग कुठं ठेवू? डोक्यावर?”

एवढ्याने माझा प्रश्न सुटला, पण पेच सुटला नाही. त्या माणसांना शिक्षण कमी पडत नव्हतं, कमरेला एक कडी कमी पडत होती. आणि हे मी कुणाला सांगणार, तर शिक्षण विकणाऱ्या कंपनीला, नोकरी मागताना. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे तू दवाखान्यात नोकरी मागायला जाऊन, या पेशंटला औषध नको, असं सांगणार.”

“थोडं हवंय,” मी म्हटलं.

“थोडं म्हणजे किती?”

“आत्ता देतात त्याच्या निम्मं.”

“मग गोदामात फोन करून सांगतो, गादी शिवून घे म्हणावं खुर्चीला.”

मी दोन दिवस दोन्ही बाजूंनी विचार केला. खोटा तक्ता मला येत होता. वर्षानुवर्षं आला होता. ‘लक्षपूर्वक ऐकतो’च्या जागी ‘बटण दाबतो’ लिहिलं असतं तरी तो सुधारलेला दिसला असता, आणि बाईंनी घेतलाही असता कदाचित. पण मग आत हात घातलेल्या त्या माणसाची किल्ली जिथे होती तिथेच राहिली असती, आणि मी पुढची दहा वर्षं असेच तक्ते भरत बसले असते. त्यापेक्षा मिरची बरी.

तेव्हा पहिल्याच पानावर मी लिहिलं की आधी किल्लीला जागा द्या. कमरेच्या पट्ट्याला आतल्या बाजूने एक बंद कडी. त्यानंतर फक्त पाच मिनिटांचं शिक्षण. विजेची व्याख्या नाही, फायदे नाहीत, निवेदकाचा आवाज तर नाहीच. पडद्यावर बंद यंत्र, हातात किल्ली, आणि मागून कुणीतरी घाईत म्हणतंय, ‘झालं का? पुढची पाळी खोळंबलीय.’ आता तू काय करतोस? आणि पडदा थांबतो. शिकणारा काही करेपर्यंत थांबूनच राहतो, मी फळ्याजवळ थांबले होते तसा. चुकीचं निवडलं तर ओरडत नाही. पुढे काय होतं ते दाखवतो आणि परत पहिल्या जागी आणून सोडतो. असं तीन वेळा. तिसरा रकाना मी आधी लिहिला, आणि त्यात ‘ऐकतो’ हा शब्द एकदाही आला नाही.

सोमवारी बाईंनी ते वाचलं. वाचून झाल्यावर पहिलं पान पुन्हा वर घेतलं आणि गप्प बसल्या. मीही बसले. ते मला आता येतं.

“हे पान गिऱ्हाइकाला दाखवायचं?” त्यांनी शेवटी विचारलं.

“दाखवावं लागेल. नाहीतर पुढच्या वर्षी हेच शिक्षण त्यांना परत द्यावं लागेल.”

“म्हणजे आम्हाला परत काम,” त्या म्हणाल्या, आणि हसल्या. “गेली तीन वर्षं हे शिक्षण आम्हीच देतोय. मी स्वतः आखलेलं. कारखाना मीही पाहून आले होते.” त्या उठल्या. त्यांनी पँट घातली होती, दोन्ही बाजूंना चांगले खोल खिसे. त्यात हात घालून त्या म्हणाल्या, “जूनपासून या. आधी सहा महिने करारावर, मग बघू.”

मी एकच विचारलं, “बोलावं किती लागेल?”

“मीटिंगमध्ये थोडं. तिथे कुणी ऐकत नाही, त्यामुळे हळू बोललं तरी चालतं.”

खाली आले, चहा घेतला, आणि रिक्षात बसून दिरांना निरोप लिहिला: ‘काम मिळालं. खुर्ची दुसऱ्याला द्या.’ उत्तर लगेच आलं: ‘अभिनंदन वहिनी. गादी शिवून झालीय.’ मी मागे टेकून बसले. रिक्षावाल्याने कन्नडमध्ये विचारलं, अक्का, सिग्नलवरून वळू का पुढून? मी हाताने पुढून म्हणून दाखवलं. जूनची तारीख आता माझ्या अंगावर येत नव्हती. नुसती एक तारीख होती.

कारखान्याने कडीला होकार द्यायला दोन महिने घेतले. गणवेशाचा पट्टा बदलायचा म्हणजे तीन खात्यांच्या सह्या. सुपरवायझरने फोटो पाठवला, त्यात नुसती एक कंबर, पट्टा आणि किल्ली. खाली लिहिलं होतं, ‘अक्का, ओरडायचं बंद झालंय.’ मी अक्कांना दाखवला. त्यांनी फोन लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, “माझ्या जुडग्यासारखंच की. याचे पैसे देतात तुला?”

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आम्ही सगळे यशवंतपूरच्या गोदामात गेलो. केबिनमध्ये पंखा फिरत होता. खुर्चीवर निळी गादी होती आणि गादीवर वजनकाटा ठेवला होता, कारण त्याला तेवढीच सपाट जागा मिळाली. दीर आरती संपल्यापासून बोलत होते. शेजारच्या गोदामावरून वारा आला आणि मला सलग तीन शिंका आल्या.

“बसा की वहिनी,” दीर वजनकाटा उचलत म्हणाले. “तुमचीच आहे.”

“राहू दे त्याला,” मी म्हटलं. “मी उभी बरी आहे.”